पाठराखीण

जयसिंगपुरातल्या वीस-पंचवीस खाटांच्या एखाद्या हॉस्पिटलात गेलात, तर ती सहसा नजरेला पडत नाही. दर्शनी भिंतीवर नर्सिंग होमच्या नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, डॉक्टरांच्या पदव्या असतात, दरपत्रक असतं, गणपतीची नाहीतर भगवान महावीरांची तसबीर असते. ती मात्र आतल्या केबिनमध्ये, लोखंडी कपाटात, आयकराची फाइल आणि फायर ऑडिटची फाइल यांच्या मधे उभी असते. व्यावसायिक दायित्व विम्याची पॉलिसी, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दल भरपाई मागितली गेली तर कामी येणारा विमा. डॉक्टर मंडळी तिला ‘इन्डेम्निटी’ म्हणतात. ज्यांच्या हातून रात्रंदिवस इंजेक्शनं आणि सलाईन चालतात, त्या सिस्टरांपैकी कित्येकींनी तिचं तोंडही पाहिलेलं नसतं.

दिसायला ती अगदी साधी. पहिल्या पानावर एक तक्ता: विमा कोणाचा, किती रकमेचा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. शेजारी-शेजारी दोन आकडे: एका घटनेला जास्तीत जास्त किती देईन आणि साऱ्या वर्षात मिळून किती. त्यामागे बारीक अक्षरातली अटींची पानं. तिचं आयुष्य बारा महिन्यांचं. वेळेवर नूतनीकरण झालं की ती नव्याने उभी राहते आणि मागची आठवणही बरोबर घेऊन येते. त्या आठवणीची हद्द ठरवणारी तारीख तिच्या अंगावरच छापलेली असते; त्या तारखेआधी घडलेलं ती ओळखत नाही. मधे खंड पडला, तर वर्षानुवर्षं जपलेली ही आठवण पुसली जाऊ शकते.

तिचा आणखी एक स्वभाव फार थोड्यांना ठाऊक असतो. चूक घडली त्या दिवशी ती घरात होती, एवढ्याने भागत नाही. रुग्णाची नोटीस हातात पडते त्या दिवशीही ती हयात असावी लागते. ग्राहक आयोगात तक्रार करायला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे आज रात्री दिलेल्या एका इंजेक्शनचा जाब पुढच्या वर्षाच्या अखेरीसही विचारला जाऊ शकतो. तोवर ती सिस्टर दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेली असते, लग्न होऊन इचलकरंजीला नाहीतर पुण्याला असते. नोटिशीवर मात्र तिचं नाव येतं.

जयसिंगपुरात तिची गरज का पडते, हे समजायला गाव समजायला हवं. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे गाव वसवलं. आखीव रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, व्यापारपेठ आणि जवळ रेल्वे. पेठेमागे दवाखाने आले. शिरोळ, नांदणी, उदगाव, कुरुंदवाडचा रुग्ण इथे येतो, सीमेपलीकडच्या कर्नाटकातलाही येतो. पलीकडे थोड्याच अंतरावर मिरज. तिथे डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल उभं केलं आणि पुढे परिचारिका घडवणारी शाळाही तिथे उभी राहिली. या साऱ्या पट्ट्यात नर्सिंग हा घरोघरचा ओळखीचा पेशा आहे. मुलीने एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केला, नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदलं गेलं, की घराला आधार झाला असं आईवडील मानतात.

आता रात्रीची ड्युटी बघा. लहान हॉस्पिटलात रात्री एक सिस्टर आणि एक मावशी. ऊसतोडीच्या हंगामात कोयता लागलेला मजूर येतो, दिवस भरलेली बाई येते, दमेकरी आजोबांचा श्वास वाढतो. “सिस्टर, सलाईन संपलं की हो!” अशी हाक एका खोलीतून, तर दुसऱ्या खोलीत बाळ रडतंय. सिस्टर डॉक्टरांना फोन लावते. डॉक्टर झोपेतून उठून औषध आणि डोस सांगतात. ती तो देते आणि पुढच्या खाटेकडे धावते. त्या फोनवरच्या सूचनेची नोंद केसपेपरवर झाली नाही, आणि पहाटे रुग्णाचं काही बरंवाईट झालं, तर डोस कोणी सांगितला हे सिद्ध करायला तिच्याकडे एक ओळही उरत नाही. अशा वेळी कपाटातल्या पॉलिसीला जाग येते.

तिचं वजन वाढलं ते १९९५ पासून. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला आणि पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही ती चौकट कायम ठेवली. १९९५ च्या त्या निकालापासून डॉक्टर दर वर्षी आठवणीने तिचा हप्ता भरतात. नोटीस आली की ती वकिलाचा खर्च उचलते, भरपाईचा आदेश झाला तर ठरल्या मर्यादेत रक्कम भरते. नव्या नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या पाठराखिणीसारखी ती शेजारी बसते. पण ती कोणाबरोबर आली आहे, हे पहिल्या पानावरच्या नावावरून ठरतं. ते नाव बहुतेक वेळा डॉक्टरांचं किंवा हॉस्पिटलचं असतं.

ती सिस्टरला अगदीच परकी मानते असं नाही. डॉक्टरांच्या आणि हॉस्पिटलच्या अनेक पॉलिसींत पात्र सहाय्यकांना, कर्मचाऱ्यांना जागा असते. मात्र प्रस्तावपत्रात त्यांची माहिती भरलेली असावी लागते, आणि पात्रता म्हणजे खरोखरची पात्रता. नोंदणी नसलेल्या मुलीला पांढरा कोट घालून ‘सिस्टर’ म्हणून उभं केलं असेल, तर पॉलिसी तिच्याकडे पाठ फिरवू शकते.

याचा धडा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या एका निकालात आहे: स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल विरुद्ध हरजोल अहलुवालिया. दिल्लीच्या त्या हॉस्पिटलात टायफॉइडसाठी दाखल झालेल्या मुलाला डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं होतं; नर्सने दुसरंच दिलं. मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख भरपाई ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नर्सच्या चुकीला हॉस्पिटलही जबाबदार ठरलं. त्या प्रकरणात विमा कंपनीचं म्हणणं होतं की इंजेक्शन देणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर नव्हती आणि पात्र नर्सही नव्हती, म्हणून दायित्व आमच्यावर येत नाही. विमा घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने हा युक्तिवाद कायम लक्षात ठेवावा.

मालक नोकराच्या कामाला जबाबदार असतो, हे तत्त्व सिस्टरला आधार देतं खरं. भरपाईचा मोठा वाटा सहसा हॉस्पिटलवर येतो. पण एक गोष्ट त्यातून सुटते. पॉलिसीने नेमलेला वकील हॉस्पिटलची बाजू मांडतो. ‘आमची व्यवस्था चोख होती, चूक सिस्टरची,’ अशी ती बाजू असेल, तर ग्राहक आयोगात सिस्टर एकटी उभी असते. तिच्या नावाची, तिच्यासाठी बोलणारी पॉलिसी नसते. पगारातून वकील लावायचा म्हटलं, तर पगार किती? खासगी परिचारिकांच्या वेतनाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही महिना वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा, अशी शिफारस तिने केली. ती शिफारस लहान गावांत किती पोचली, हे तिथल्या सिस्टरांना विचारा.

फौजदारी बाजू तर आणखी जड आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल तिच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय उपचार करताना असं घडलं, तर ती दोन वर्षांपर्यंत. या सवलतीची व्याख्या वैद्यकीय पदवी आणि वैद्यकीय नोंदवहीतल्या नावाशी बांधलेली आहे. नर्सचं नाव असतं नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत. म्हणजे एकाच खाटेजवळ, एकाच रात्री, एकाच रुग्णासाठी झटणाऱ्या दोघांपैकी सिस्टरच्या डोक्यावर अधिक मोठ्या शिक्षेची टांगती तलवार आहे. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

अशा प्रसंगी सगळ्यात आधी कोणाकडे बोट जातं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि किमान अकरा रुग्ण दगावले. काही दिवसांत पोलिसांनी एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना अटक केली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवेल. पण अटकेच्या दिवशी घरात लहान मुलं टाकून गेलेल्या बाईला ताबडतोब वकील लागतो.

इथे पॉलिसीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. ती शिक्षा भोगू शकत नाही, फौजदारी दंड भरत नाही, जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला किंवा नशेत केलेल्या कामाला पाठीशी घालत नाही. फौजदारी खटल्यातल्या बचावाचा खर्च ती उचलेल की नाही, हे अटींवर अवलंबून असतं. विमा घेतानाच ते विचारून लिहून घ्यावं लागतं. तिची शिस्तही कडक आहे. नोटीस आली की लगेच कळवा. मला न विचारता चूक कबूल करू नका, तडजोड करू नका. आणि जे काही केलं ते कागदावर दाखवा. तिचा विश्वास माणसाच्या आठवणीवर नाही, नर्सेस नोटवर आहे: किती वाजता, कोणतं औषध, किती डोस, कोणाच्या सूचनेवरून, फोनवरून असेल तर तसं, आणि शेवटी सही. सूचना देणाऱ्या डॉक्टरांनी सकाळी त्याखाली आपली सही केली, तर दोघांचंही रक्षण होतं.

बाहेरच्या देशांत तिला अशी अडगळीत ठेवत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१० पासून आणि ब्रिटनमध्ये २०१४ पासून, दायित्वाच्या विम्याची सोय असल्याशिवाय नर्सला नोंदणीवर राहता येत नाही. ही सोय नोकरीच्या ठिकाणाकडून असेल नाहीतर स्वतःची असेल, पण असायलाच हवी. आपल्याकडे नर्सला स्वतःच्या नावाने अशी पॉलिसी घेता येते, सक्ती मात्र नाही. सक्ती नसल्यामुळे ती कोणी समजावूनही सांगत नाही. नर्सिंगच्या अभ्यासात शरीररचना शिकवतात, औषधशास्त्र शिकवतात; दायित्वाच्या विम्याचा तक्ता कसा वाचायचा, हेही प्रत्येक मुलीला शिकवायला हवं.

या पॉलिसीला मी वाईट म्हणणार नाही. ती प्रामाणिक आहे, लिहिल्या शब्दाला जागते. तिच्याकडे दया नाही, पण भेदभावही नाही. जिचं नाव लिहाल तिच्यासाठी ती उभी राहील. नाव लिहायचं की नाही, हे माणसांच्या हातात आहे.

म्हणून जयसिंगपूरच्या, आणि अशाच प्रत्येक गावातल्या डॉक्टरांना एक विनंती. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटला बसवून घ्या आणि आपल्या प्रत्येक नोंदणीकृत सिस्टरचं नाव प्रस्तावपत्रात घाला. आणि सिस्टर, तुम्हीही संकोच करू नका. ‘सर, पॉलिसीत माझं नाव आहे का?’ एवढं विचारा. नसेल, तर स्वतःची घ्या, दर वर्षी चालू ठेवा आणि तिची एक प्रत घरी ठेवा.