दोह्यातली ‘मामाँ’ आणि आमच्या आई

दोह्याला घरचं कोणी आलं की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. कॉर्निशवर फेरफटका, सूक वाकिफ, इस्लामिक कलेचं संग्रहालय, आणि अंगात जोर असेल तर वाळूच्या टेकड्या. २०१४च्या डिसेंबरात आमच्या आई, म्हणजे मुलांच्या आजी, सांगलीहून आल्या तेव्हा आम्हीही हेच सगळं केलं. पण त्यांच्या लक्षात राहिलं ते आमच्या यादीत नसलेलं एक ठिकाण.

एज्युकेशन सिटीतलं कतार नॅशनल कन्व्हेन्शन सेंटर मंडळींना ठाऊक असेलच. जपानी वास्तुशिल्पी अराता इसोझाकी यांची ही इमारत २०११ साली खुली झाली. दर्शनी बाजूला दोन अजस्र पोलादी झाडं छप्पर तोलून धरतात. हे इथलं सिद्रा. आपल्या बोरीच्या जातीतलं, असं आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग काटे कुठायत?"

आत शिरलो आणि मुलं किंचाळलीच. समोर नऊ मीटरहून उंच, ब्राँझचा कोळी! बारीक, लांबच लांब आठ पाय, पोटाखाली जाळीची पिशवी आणि तीत संगमरवरी अंडी. आहे ती मादी. पण कोळीण म्हटलं की डोळ्यांसमोर मासळीची पाटी येते, म्हणून आपला कोळीच बरा.

आई म्हणाल्या, "अगं बाई! आम्ही दिवाळीच्या आधी झाडून काढतो, आणि ह्यांनी आणून बसवलाय?"

या शिल्पाचं नाव ‘मामाँ’. (मामा नव्हे! फ्रेंच मुलं आईला अशी हाक मारतात.) लुईझ बुर्ज्वा ही शिल्पकार १९११ साली पॅरिसला जन्मली आणि २०१०मध्ये न्यूयॉर्कला गेली. तिच्या घरी जुने, चित्रं विणलेले भिंतीवरचे पडदे दुरुस्त करण्याचा कारखाना होता आणि ते काम तिची आई बघायची. पडदे खालून झिजत, चित्रातल्या माणसांचे पाय नाहीसे होत. ते पाय काढून द्यायचं काम लहानग्या लुईझकडे. आई १९३२मध्ये वारली. कोळ्यासारखीच चिकाटीने विणणारी ती आई लेकीने १९९९ साली, वयाच्या ८७व्या वर्षी, या रूपात उभी केली. ओटावा, बिल्बाओ, टोकियो इथेही तिच्या ब्राँझच्या प्रती आहेत.

"म्हणजे रफूवाली होती की!" आई बाकावर टेकल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "सदुसष्ट वर्षं आई मनात ठेवली पोरीने." मग कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. आईंची स्वतःची आई त्या नऊ वर्षांच्या असताना गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या रात्री प्रथमच त्यांनी तिच्याबद्दल सांगितलं: ती वाकळ शिवायची, मधल्या ठिगळाला नेहमी लाल कापड लावायची, आणि सुई ओवायला हिला हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या साड्या, शर्ट बाहेर निघाले. फ्लॅटमध्ये सतरंजी अंथरून आई वाकळ शिवायला बसल्या. सुई ओवायला धाकटी. महिनाभरात वाकळ झाली. मधलं ठिगळ अर्थातच लाल. "तुमच्या त्या एसीत पोरं गारठतात," हे कारण.

२०१९च्या जूनमध्ये रात्री फोन आला. मुंबईपर्यंत साडेतीन तासांचं विमान, पुढे गाडीने सांगली. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हा हिशेब कधी ना कधी मनात केलेला असतो. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या जागी पणती तेवत होती.

वाकळ अजून वापरात आहे. दोन ठिकाणी उसवली होती, ती धाकटीने शिवली. टाके मोठे नि वाकडे आहेत. आईंनी ते उसवून पुन्हा घालायला लावले असते.

कोणाची आई, सासूबाई या हिवाळ्यात येणार असतील तर त्यांना ‘मामाँ’ जरूर दाखवा. चालणं बरंच होतं, तेव्हा गुडघे दुखत असतील तर चाकांची खुर्ची बरोबर असू द्या.