आमच्या संगणकाची स्मरणशक्ति

आम्ही दोघे बंधु परीक्षेंत पाठ विसरतों, हें आमच्या गुरुजनांस ठाऊक आहेच. परंतु घरच्या संगणकाची स्मरणशक्तिहि अपुरी पडूं लागली, तेव्हां आमच्यावर जो प्रसंग गुदरला तो सांगण्यासारखा आहे.

हा संगणक आमच्या मामांनीं दिलेला. त्यांतील इंटेल कोअर आय५-२५००के हा प्रोसेसर २०११ सालीं निघाला. त्याचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ, परंतु त्याचा गुणक वाढवितां येत असल्यामुळें मामांनीं तो खेळांसाठीं ४.५ पर्यंत चढविला होता. यासच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मेमरी मात्र आठच जीबी, म्हणजे चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. नवा खेळ लावला कीं ती भरून जाई. मग न मावणारा मजकूर हार्ड डिस्कवर जाई, आणि खेळ ऐन रंगांत अडखळे.

मेमरी वाढवावयाची हें ठरलें, पण कोणती? आमच्या मदरबोर्डास डीडीआर३ हीच जात चालते. डीडीआर४ च्या पट्टीस २४० ऐवजीं २८८ टोंकें असतात व तिची खांचहि निराळ्या जागीं असते. ती बसतच नाहीं. धाकट्याचें म्हणणें, अधिक वेगाची घ्यावी. थोरल्याचें म्हणणें, अधिक मोठी घ्यावी. वाद वाढला तेव्हां वडील एवढेंच म्हणाले, "भांडूं नका, हिशेब करा."

आम्हीं कागद घेतला. नऊ आवर्तनांच्या विलंबाची १६०० ची पट्टी ११.२५ नॅनोसेकंदांत उत्तर देऊं लागते. तेवढ्याच आवर्तनांची १३३३ ची १३.५ मध्यें. अंतर सव्वादोन नॅनोसेकंदांचें. उलट, हार्ड डिस्कच्या तबकडीवर मजकूर शोधण्यास कित्येक मिलिसेकंद लागतात, आणि एका मिलिसेकंदांत दहा लक्ष नॅनोसेकंद असतात! आमची उणीव वेगाची नसून जागेची होती. चारी पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या वेगानें चालतील हें ठाऊक असूनहि आम्हीं १३३३ च्या चार जीबीच्या दोन स्वस्त पट्ट्या आणल्या.

दोन दिवस आनंदांत गेले. तिसऱ्या दिवशीं संगणक आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागला; आणि ताईनें महाविद्यालयासाठीं आठ दिवस खपून लिहिलेला निबंध कांहीं केल्या उघडेना. ताई रडली. आम्ही संतापून दुकानीं गेलों व म्हणालों, "आपण आम्हांस सदोष माल दिलात."

वृद्ध दुकानदारांनीं शांतपणें विचारलें, "बाळांनो, यंत्र मूळ वेगावर चालवून पाहिलेंत का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. खरेदीच्या वेळीं वाढविलेल्या वेगाचें आम्हीं नांवहि काढलें नव्हतें.

घरीं येऊन मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम लावला. ४.५ वर तांबड्या ओळींची रांग लागली. मूळ वेगावर रात्रभरांत एकहि चूक निघाली नाहीं. पट्ट्या निर्दोष होत्या! मेमरी सांभाळणारी यंत्रणा या प्रोसेसरच्या पोटांतच असते. दोन पट्ट्यांचा भार तिनें चढलेल्या वेगांतहि सोसला होता. चार पट्ट्यांचा सोसवेना. दोष आमच्या हांवेचा होता, आणि आळ आम्हीं दुसऱ्यावर घेतला होता.

दुसऱ्या दिवशीं जाऊन आम्हीं क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, "गिऱ्हाइकानें खरें सांगितलें, तरच आम्हांस खरा सल्ला देतां येतो."

आतां संगणक ४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. तेथेंहि रात्रभर तपासणी करून मगच आम्हीं तो कामास लावला. खेळ अडखळत नाहीं. ताईचा निबंध मात्र परत मिळाला नाहीं. तिनें तो आठवून आठवून सांगितला आणि आम्हीं दोघांनीं आळीपाळीनें चार रात्री बसून टंकित केला. त्या चार रात्रींत नव्या पट्ट्यांचा लाभ आम्हांस घेतां आला नाहीं. परंतु त्यानंतर कोणावर बोट दाखविण्यापूर्वीं आपलें यंत्र मूळ वेगावर आणून पाहण्याची संवय आम्हांस लागली आहे.