मांडवात सह्याद्री

नवरदेवाला कार्यालयाच्या गॅलरीतून दोराने खाली उतरायचं होतं. डोक्यावर फेटा, अंगात शेरवानी, खाली ढोल-ताशा आणि वरून रॅपलिंग करत स्वारी थेट मांडवात. लग्नाची आखणी करणाऱ्या ताईंनी त्याला नाही म्हटलं नाही. (डेकोरेटरपासून आचाऱ्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणतात, तेव्हा इथेही ताईच.) त्यांनी त्याला गॅलरीत नेलं आणि कठडा हलवून बघायला सांगितलं. कठडा हलला. फरशीत ठोकलेल्या चार बोल्टांवर उभा असलेला तो पाइप लोकांनी रेलून गप्पा माराव्यात म्हणून होता, कुणी त्याला लटकावं म्हणून नव्हता. मुलगा कॉलेजपासून सह्याद्रीतले कडे चढणारा, त्यामुळे पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. दोन स्वतंत्र अँकर हवेत, बिलेसाठी, म्हणजे हात सुटला तर धरून ठेवायला, वेगळा रोप हवा, हेल्मेट तर हवंच. हेल्मेटवर फेटा बसत नाही आणि फेट्यावर हेल्मेट बसत नाही. विषय तिथेच मिटला, आणि मुलाकडच्या आत्याबाईंचा रक्तदाब जागेवर आला.

पुण्यात अशा मागण्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. शनिवार-रविवार डोंगरात घालवणाऱ्यांची इथे आता तिसरी पिढी आहे. 2012 साली ‘गिरिप्रेमी’च्या आठ गिर्यारोहकांनी एकाच मोहिमेत एव्हरेस्ट गाठलं, ते याच शहरातून जाऊन. ट्रेकमध्ये ओळख, पुढच्या पावसाळ्यात प्रेम आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लग्न, असे जमणारे संसार कमी नाहीत. लग्न मात्र शहरातच करायचं असतं. आजीला पायऱ्या चढवत नाहीत, मामा अमेरिकेतून चारच दिवसांसाठी येतात, आणि कर्वे रस्त्याच्या आसपासचं कार्यालय सगळ्यांना सोयीचं पडतं. तरी त्या कार्यालयात शिरल्यावर ‘हे या दोघांचं लग्न आहे’ असं वाटायला हवं. शिवाय ते देखणंही हवं, शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसता कामा नये.

गॅदरिंगची भीती खरी आहे. पूर्वी डेकोरेटरला ‘डोंगर’ म्हटलं की तो थर्माकोलचा कडा उभा करायचा, त्यावर राखाडी रंग फवारायचा आणि शेंड्यावर एक भगवा झेंडा खोचायचा. मार्च 2018 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली आणि पर्यावरणाच्या निमित्ताने अभिरुचीचंही थोडं भलं झालं. पण थर्माकोल गेला तरी खोड गेली नाही. फ्लेक्सवर छापलेला कोकणकडा नवरा-नवरीच्या मागे लावणारे आजही आहेत. ज्यांनी खरा कोकणकडा पाहिलाय त्यांना तो फ्लेक्स केविलवाणा वाटतो, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते कुठल्या तरी रिसॉर्टचं जाहिरातपत्रक वाटतं.

मग सरळ डोंगरावरच लग्न का करू नये? करणाऱ्यांनी तेही केलंय. नेपाळच्या मोनी मुलेपती आणि पेम दोर्जे शेर्पा यांनी 2005 च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्यावर लग्न लावलं. पण ते दोघेही तिथवर चढून जाणारे होते, आणि वऱ्हाडही तसंच होतं. आपल्याकडे गडावर लग्न म्हटलं की लोकांना 2019 चा सप्टेंबर आठवतो. राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेलं आणि समारंभांसाठी भाड्याने देणार अशी बातमी आली, महाराष्ट्रभर संताप उसळला आणि सरकारला खुलासे करावे लागले. केंद्र संरक्षित स्मारकात लेखी परवानगीशिवाय मेजवानी किंवा स्वागत-समारंभ करता येत नाही, हा नियम तर 1959 पासूनचा आहे. 2025 च्या जुलैत राजगड, लोहगड, साल्हेर यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा डोळे आणखी वटारले जाणार. ते बरंच आहे. गडावर जेवणावळी उठू नयेत असं ताईंचं मत आहे, आणि त्यांना त्यात व्यवसायाचं नुकसान दिसत नाही.

त्यांची पद्धत साधी आहे. जोडप्याने मोबाइलमध्ये साठवलेले परदेशी लग्नांचे फोटो त्या बघतात, पण पहिल्या बैठकीला ट्रेकची सॅक घेऊन यायला सांगतात. सॅक टेबलावर रिकामी करायची. जे हाताळून झिजलंय ते लग्नात येऊ शकतं. जे लग्नासाठी विकत आणावं लागेल, ते शक्यतो नको. या जोडप्याच्या सॅकमधून दोन टॉर्च, काळाकुट्ट झालेला अ‍ॅल्युमिनियमचा टोप, एक होकायंत्र आणि साठ मीटरचा निवृत्त रोप निघाला.

रोप निवृत्त होतो हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. नायलॉनचा क्लाइंबिंग रोप एकदाही वापरला नाही तरी दहा वर्षांनंतर ठेवू नये, असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. नेमाने चढणाऱ्याचा तर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो. वरचं आवरण केसाळ होतं, हातातून सरकवताना एखाद्या जागी आतला गाभा मऊ, पोकळ लागतो. असा रोप कुणी परत वापरू नये म्हणून त्याचे तुकडे करतात. हा अख्खा राहिला होता, कारण दोघं पहिल्यांदा एका दोराला बांधले गेले ते याच रोपवर. ताईंनी तो कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायला लावला. मूळचा निळा रंग विटून धुरकट झाला होता, आणि तोच सगळ्या सजावटीचा रंग ठरला. तांबट आळीतून मठारकाम केलेली तांब्याची घंगाळं आणली, त्यांत निशिगंध आणि नर्सरीतले नेचे भरले. मागे छापील पडदा न लावता काळी घोंगडी सोडली. सोनकीच्या पिवळ्याची आठवण म्हणून बारीक शेवंती घेतली, कारण सोनकी पठारावरून तोडून आणायची नसते. मांडवाचे चारही खांब त्या रोपने बांधले. गाठी मारायला डेकोरेटरची पोरं नव्हती, नवऱ्याचे क्लाइंबिंगवाले मित्र होते. क्लोव्ह हिच आणि फिगर ऑफ एट, नीट ‘ड्रेस’ केलेल्या, शेपूट पुरेसं सोडलेल्या. साठ मीटरच्या रोपवर मधोमध काळी खूण असते. दोघं उभी राहणार त्या पाटांच्या बरोबर वर ती खूण येईल असा रोप ताणला होता. त्याबद्दल कुठे पाटी लावली नाही. ज्यांना कळायचं त्यांनी वर पाहिलं आणि एकमेकांना कोपर मारलं.

विधींना हात लावायचा नाही, ही ताईंची दुसरी अट असते. त्यांचं म्हणणं, जागा विधींतच आहेत, आपण त्या बुजवतो. लाजाहोमाच्या वेळी नवरी दगडावर पाय ठेवते ते अश्मारोहण बघा. दगडासारखी स्थिर राहा असं तिला सांगितलं जातं. बहुतेक लग्नांत गुरुजी पिशवीतून सहाण काढतात आणि फोटोग्राफर तेवढ्यात बॅटरी बदलतो. या मुलीला राजगडावरचा दगड हवा होता. ताईंनी साफ नकार दिला. गडावर सुटा पडलेला दगड कुठल्या चिरेबंदीतला असेल सांगता येत नाही, आणि प्रत्येक नवरीने एकेक आणला तर गडाचं काय होईल? त्याऐवजी नवऱ्याच्या आजीचा पाटा आला. वरवंट्याने मधे खोलगट झालेला, टाकी लावून लावून कडेला पातळ झालेला. पाटा काळ्या बसाल्टचा, आणि राजगडही बसाल्टचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचे हे दोन तुकडे, एक गड झाला आणि एकावर चटण्या झाल्या. गुरुजींना हे एवढं आवडलं की त्यांनी मंत्र थांबवून वऱ्हाडाला तीन मिनिटं भूगर्भशास्त्र ऐकवलं. थोडं चुकीचं सांगितलं, पण मनापासून.

रुखवत ही तर हक्काची जागा. पुण्यातल्या पोरांना दिवाळीत मातीचा किल्ला करायची सवय असतेच. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायचे, मातीत अळीव पेरायचे, की आठवड्यात हिरवळ. नवरीच्या भावंडांनी तीन माच्या आणि बालेकिल्ल्यासह राजगड करायला घेतला. सुवेळा माचीवरचं नेढं, म्हणजे कड्याला पडलेलं आरपार भोक, हा त्यातला मानाचा भाग, कारण या दोघांची पहिली धड ओळख तिथे वाऱ्यात बसून झाली होती. माती वाळली की ते नेढं ढासळायचं. शेवटी आत तारेचं कडं घातलं तेव्हा टिकलं. पण रुखवताच्या टेबलावर मावशीने विणलेले लोकरीचे मोर आणि काकूंची सुपारीची वरात आधीपासून होती. किल्ला मधे आणि बाकी सगळं कोपऱ्यात, अशी मांडणी दिसायला उत्तम झाली असती आणि घरात महिनाभर अबोला झाला असता. मग मोर गडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या बाजूला चरायला सोडले. हे नियोजनाच्या कुठल्या कोर्समध्ये शिकवतात की नाही, देव जाणे.

पत्रिका थोडक्यात उरकते. समोच्च रेषांचा नकाशा छापण्याची टूम आहे आणि तो सुंदर दिसतो, पण त्या रेषांवर अक्षरं आली की साठीपुढच्या माणसाला मुहूर्त वाचता येत नाही. इथे रेषा पाकिटाच्या आतल्या अस्तरावर गेल्या आणि पत्रिका कोरी, ठळक राहिली. ड्रोनचंही तसंच. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आणि खडकवासल्याला एनडीए, तेव्हा पुण्यात ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा बघावाच लागतो. या लग्नात ड्रोनच नव्हता. कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

खरी अडचण टेबलांच्या नावांनी केली. रिसेप्शनच्या टेबलांना क्रमांकाऐवजी गड आणि शिखरं द्यायची, खाली उंची लिहायची, असं ठरलं. कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567, हरिश्चंद्रगड 1424, तोरणा 1403. कल्पना छानच होती. पण आमंत्रितांची यादी बसवायला घेतली आणि मुलीचे वडील थबकले. व्याही कळसूबाईवर आणि थोरले मेहुणे लोहगडावर? मेहुण्यांना उंचीतला फरक कळायला एक मिनिट लागलं नसतं. शेवटी आकडे काढून टाकले आणि गडांची नावं तेवढी ठेवली. तरी एका काकांनी मोबाइलवर उंची शोधलीच.

जेवणात सिंहगडाची आठवण हवी होती, म्हणजे पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही. आचारी पहिल्यांदा नाराज झाला. पिठलं ताटाच्या वाटीत गरम पडायला हवं. बुफेच्या भांड्यात खाली बर्नर लावून ठेवलं की अर्ध्या तासात त्याची वडी होते. भाकरी आणखी अवघड. तव्यावरून काढून विस्तवावर फुगवली तिथेच ती भाकरी, डब्यात झाकून ठेवली की ओली चामडी. चारशे लोक एकदम रांगेत आले तर चार चुलींना झेपत नाही. म्हणून भाकऱ्या तळहाताएवढ्या केल्या, पिठलं लहान कढयांत थोडं थोडं घाटत राहिले, आणि हे मुख्य जेवणात न ठेवता लोक येत असतानाच दारात दिलं. दह्याची छोटी मडकी चालून गेली. कांदा मात्र बुक्कीने फोडायचा, असा नवऱ्याच्या मित्रांचा आग्रह होता. तो साड्यांचा विचार करून नामंजूर झाला.

मुहूर्त गोरज होता, त्यामुळे ध्रुवदर्शन खरोखर अंधारात करता आलं. दुपारच्या लग्नांत गुरुजी छताच्या पंख्याकडे बोट दाखवतात आणि सगळे ‘दिसला, दिसला’ म्हणतात. इथे जोडपं गच्चीवर गेलं. पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर दिसतो, हात ताठ धरून दोन मुठींपेक्षा थोडा खाली, म्हणजे उत्तरेला दहा मजली इमारत जवळ असली की संपलं. ताई आदल्या आठवड्यात होकायंत्र घेऊन गच्चीवर उभ्या राहून आल्या होत्या. पाण्याच्या टाकीच्या डावीकडून फट सापडली होती. डिसेंबरच्या मध्यात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा ध्रुव शोधायचा तो शर्मिष्ठेवरून. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे सप्तर्षींतली अरुंधतीही दाखवायला घेतली. ‘गुरुजी, ती मध्यरात्रीच्या सुमारास उगवेल,’ नवरी म्हणाली. गुरुजींनी घड्याळ बघितलं. ‘मग तोवर जेवून घेऊ,’ म्हणाले.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद व्हायला हवा म्हणून उखाणे घाईघाईत सुरू झाले. नवरीने स्वतः रचलेला उखाणा घेतला. कात्रजच्या बोगद्यापासून निघून रात्रभर एकेक टेकडी चढत-उतरत पहाटे सिंहगडाच्या वाटेला लागणारा, ट्रेकर ज्याला केटूएस म्हणतात तो सबंध रस्ता तिने यमकात बसवला होता. बॅटरी संपलेला टॉर्च आला, घसारा आला, पायातला गोळा आला. मित्रमंडळी प्रत्येक ओळीला ओरडत होती. शेवटच्या ओळीला टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून, बहुधा तोरण्यावरून, आत्याबाईंचा आवाज आला, ‘अगं, पण नाव राहिलं की!’ राहिलंच होतं. दहाला चार मिनिटं कमी असताना तिने आईने पाठ करून घेतलेला जुना, चांदीच्या ताटातला उखाणा म्हटला, नाव घेतलं, आणि साउंडवाल्याने वायरी गुंडाळायला घेतल्या.