कणकुंबीच्या वाटेवरची टकटक

आमच्या दारात १९८४ सालची येझदी उभी आहे. रोडकिंग, अडीचशे सीसी, म्हैसूरच्या कारखान्यातली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण गाडी चालते. बाबांनी ती पगारातून पैसे साठवून घेतली होती आणि तिच्यावर आमच्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त लक्ष ठेवलं असं आई म्हणायची. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्यातून एक आवाज यायला लागला. पहिल्यांदा तो माझ्या बायकोनं ऐकला. मागं बसली होती, माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "एन सप्पळरी अदु?"

सप्पळ. तिचं माहेर सौंदत्तीकडचं, तेव्हा गाडीचं दुखणंखुपणं ती कन्नडातच सांगते. आपल्या मराठीत नुसतं 'आवाज' म्हणून भागत नाही. खडखड, किरकिर, घरघर, टकटक, यातलं नेमकं काय ते सांगावं लागतं, कारण प्रत्येकाचं घर वेगळं. घरघर असेल तर बहुधा बेअरिंग. किरकिर असेल तर कुठंतरी तेल संपलंय. ॲक्सिलरेटर सोडला-धरला की 'खट' होत असेल तर चेन सैल, नाहीतर मागच्या हबमधली रबरं गेली. आमची होती टकटक. सावकाश, मोजून मापून, दारावर कोणी बोटानं वाजवावं तशी.

हे सगळं मला बाबांनीच शिकवलेलं. त्यांची नोकरी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर गेली. मशीनला कोणता रोग झालाय ते दुसऱ्या टोकाला उभं राहून सांगायचे अशी त्यांची ख्याती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. पण ज्या शेडमध्ये कान तयार झाले, त्या शेडनंच ते घेतले. त्या काळी कानात बोळे घालायची पद्धत कुठं होती! आता सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना समोरच्याचं बोलणं ओठ बघून कळतं. पक्ष्यांचा, भांड्यांचा, नातीच्या पैंजणांचा आवाज कळत नाही.

गाडी मी एका मेस्त्रीकडं नेली. त्यानं एक फेरी मारली, आवाज त्याला आला नाही, तरी म्हणाला गिअरबॉक्सचं बेअरिंग असणार, इंजिन उतरवून उघडावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मी घरी आलो. त्याच आठवड्यात कोल्हापूरचा एक हौशी तरुण गाडी बघून गेला. जुन्या येझदींना हल्ली चांगला भाव येतो. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मला आता तिचं कायच ऐकू येत नाही. दिऊन टाक जा." आई गेली तेव्हासुद्धा ते इतक्या सरळ आवाजात बोलले नव्हते.

सकाळी मात्र उठून बघतो तर गाडी मेन स्टँडवर चढवून मागचं चाक हातानं फिरवत बसलेले. मला बघून विचारलं, "आवाज कसला येऊलालाय ते सांग आधी."

सांगता येईना. स्टँडवर चाक फिरवलं तर आवाज नाही. मी एकटा चालवतो तेव्हा नाही. दोघं बसलो की येतो. ते मी कागदावर लिहून दाखवलं, तसे ते हसले. म्हणाले, "कणकुंबीला जाऊन येऊया. माउलीचं दर्शन बी होईल."

त्या रस्त्यानं ज्यांनी दुचाकी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. उद्यमबाग मागं टाकली, पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून उजवीकडं वळलं की गाडीला आणि माणसाला श्वास घेता येतो. किणयेपर्यंत शेतं, मग चढउतार सुरू. सकाळचे आठ वाजले होते, काजूच्या झाडांखाली अजून दव होतं. पहिली तपासणी तिथंच केली. ताशी तीसचा वेग धरायचा, तिसऱ्या गिअरमध्ये ऐकायचं, मग वेग तोच ठेवून चौथा टाकायचा. इंजिनची गती बदलते, चाकाची तीच राहते. टकटक बदलली नाही. पुढं एका उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद केलं. वाऱ्याचा आवाज राहिला, टायरचा राहिला आणि आमची टकटकही राहिली. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. (टू-स्ट्रोक गाडीचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. त्यामुळं मोठ्या उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर बंद ठेवून गाडी घरंगळत नेली तर इंजिन कोरडं पडतं. बाबा चोर्ल्याच्या घाटात दर वळणाला एकदा मूठ पिळायचे ती हौस म्हणून नव्हे.)

कुसमळीला मलप्रभेचा पूल ओलांडला. जांबोटीला चहा घेतला. तिथून पुढं जंगल दाट होतं आणि रहदारी विरळ. इतकी शांतता की आवाज मला फार स्पष्ट ऐकू यायला लागला. वेग ताशी वीसवर आणला. टक. टक. टक. सेकंदाला एक, थोडं मागंपुढं. बाबांना कसं सांगायचं याचा विचार करत होतो. मागं वळून ओरडावं तर ते ओशाळतात, आणि वळलो तर रस्ता दिसत नाही.

तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावर थाप पडली. मला वाटलं थांब म्हणतायत. मी हळू केलं. परत थाप. मग परत. ती टकटकीबरोबर पडत होती. टक, थाप. टक, थाप. मी वेग वाढवला तशा थापा जवळ आल्या, कमी केला तशा लांब गेल्या. एकही चुकली नाही. दीडेक किलोमीटर आम्ही तसेच गेलो. मी थांबलो तेव्हा बघितलं, त्यांनी चप्पल काढून पिशवीत ठेवली होती आणि अनवाणी पाय फुटरेस्टवर होते. "तळपायाला लागतं," म्हणाले.

मग खडूचं काम. खडू त्यांनी खिशात आणलाच होता. मागच्या टायरवर एक जाड रेघ ओढली. मी गाडीवर बसलो, इंजिन बंद, पाय जमिनीला लावून सपाट रस्त्यावर हळूहळू पुढं सरकवत होतो. ते शेजारून वाकून चालत होते, एक हात सीटवर दाबलेला, म्हणजे दोघांचं वजन पडावं. टक झालं की मी मान हलवायची आणि त्यांनी रेघ मोजायची. एक फेरा झाला, आवाज नाही. दुसरा झाला, नाही. आणखी अर्ध्याच्या आसपास गेल्यावर टक. परत अडीच फेऱ्यांनी टक. एक दूधवाला थांबून आमच्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं असेल म्हाताऱ्याचं काही तरी पडलंय रस्त्यात.

बाबा कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कारखान्यातला माणूस आला. चाकाचं बेअरिंग असतं तर निदान दर फेऱ्याला बोललं असतं, म्हणाले. गिअरबॉक्समधलं असतं तर त्याहून जास्तवेळा, कारण पुढचं छोटं स्प्रॉकेट चाकाच्या एका फेऱ्यात दोनदा तरी पुरं फिरतं. "हे चाकापेक्षा सावकाश फिरतंय. चाकापेक्षा सावकाश फिरणारी मागं एकच वस्तू हाय." मागच्या स्प्रॉकेटला चाळीसहून जास्त दाते, चेनला शंभरहून जास्त कड्या. चेनची एक कडी परत त्याच जागी यायला चाकाचे दोन-अडीच फेरे लागतात. चेनमधल्याच कुठल्यातरी कड्या आखडल्या होत्या. दोघं बसलो की मागचा भाग खाली दबतो आणि चेन ताणली जाते, तेव्हाच त्या दाखवून द्यायच्या. मेस्त्री एकटा फेरी मारून आला होता, त्याला काय ऐकू येणार!

कणकुंबी आलं. मलप्रभेचा उगम तिथं, माउलीच्या देवळापाशी. जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंच. तिथलं पाणी पूर्वेकडं तीनशेहून जास्त किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळतं, वाटेत सौंदत्तीच्या नविलुतीर्थाच्या धरणात अडतं. म्हणजे माझ्या सासुरवाडीच्या नळाला हेच येतं. आणि थोडं पलीकडं पडलेला पाऊस म्हादईत उतरून गोव्याला जातो. दोन राज्यांनी ज्यावरून वर्षानुवर्षं भांडावं ते पाणी त्या सकाळी देवळाच्या तीर्थात अगदी गप्प होतं. बाबांनी हातपाय धुतले, दर्शन घेतलं. मग देवळाबाहेर सावलीत आम्ही गाडी स्टँडला लावली.

येझदीची चेन पूर्ण झाकलेली असते. कव्हरपासून इंजिनापर्यंत रबरी नळ्या असतात, त्यात धूळ-चिखल जाऊ नये म्हणून. सोय उत्तम, पण डोळ्याआड झालेल्या वस्तूची जी गत होते तीच चेनची होते. खालची नळी मागं सारली तर तिला बोटभर चीर. पावसाळाभर पाणी आत गेलं होतं. कड्यांच्या सांध्यांतून विटकरी भुकटी बाहेर आलेली, आणि सातआठ कड्या वाकवल्या की वाकलेल्याच राहत होत्या. पेट्रोलमध्ये घालायला बरोबर घेतलेलं टू-टी ऑइल बाबांनी थेंबथेंब सोडलं. मी चाक फिरवत होतो, ते प्रत्येक आखडलेली कडी बोटांनी डावी-उजवीकडं हलवून सैल करत होते. तासभर लागला. त्यांच्या हातातला तो संथपणा मी कित्येक वर्षांनी बघत होतो.

परत येताना टकटक निम्म्यावर आली होती. गेली नव्हती. तशा चेनवर घाट उतरायची तर गोष्टच नको. अचानक तुटली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. तिशीच्या वर न जाता घरी पोचलो. पुढच्या आठवड्यात नवी चेन आणली, दोन्ही स्प्रॉकेटं आणली. जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली तर ती वर्षभरात जुनी होते. दोन्ही रबरी नळ्याही बदलल्या. या गाडीचं मागचं चाक चेनला हात न लावता वेगळं काढता येतं, त्यामुळं हबमधली रबरंही बघून घेतली. ती ठणठणीत होती. सगळा खर्च मेस्त्रीच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात बसला.

कोल्हापूरच्या मुलाचा फोन आला तेव्हा बाबा समोरच बसले होते. मी ओठ नीट हलवून त्यांना विचारलं, काय सांगू? त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

रविवारी दोघं किणयेपर्यंत जाऊन आलो. त्यांचा हात जाताना सबंध वाट माझ्या खांद्यावर होता, आणि थाप पडली नाही. येताना पिरनवाडीजवळ मात्र एक पडली. मी दचकून गाडी कडेला घेतली.

"काय न्हाई," म्हणाले, "चहा घेऊया."