बट की पिस्तूल ग्रिप?

जगतपुऱ्यात आमच्या शेजारी साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार राहतात. बँकेत गार्ड आहेत. लायसन्सची बारा बोर दुनळी घरातच असते. परवा म्हणाले, "साहेब, रात्री चोर शिरला तर बोळात ही लांबडी फिरवू कशी? बट काढून पिस्तूल ग्रिप लावतो."

मी त्यांना इथल्याच शूटिंग रेंजवर नेलं. ट्रॅपची पोरं बघा म्हटलं. बट खांद्यात रुतलेली, गाल बटाला चिकटलेला. २००४ ला अथेन्समध्ये राठोडसाहेबांनी रौप्य मिळवलं ते बारा बोरवरच, असंच.

छर्रे पसरतात, नेम कशाला, असं पुष्कळांना वाटतं. चार-पाच मीटरवर ते जेमतेम तळहाताएवढे पसरतात. कमरेवरून बार काढला, चुकला, तर भिंतीपलीकडे नातवंडं झोपलेली. धक्का मनगटावर येतो तो वेगळाच. नळी कापायचं तर नावच नको. परवान्याशिवाय तो गुन्हा आहे. आणि बोळात फिरायचंच कशाला? मुलांना एका खोलीत घ्या, दाराकडे तोंड करून बसा, ११२ लावा.

हवालदार मान डोलावत होते. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "ते राहू द्या. कपाटाची किल्ली कुठं आहे?"

वीस मिनिटं शोधत होतो.