चोर बाजारातील छापखान्याचे खिळे

मुंबईच्या चोर बाजाराविषयी आपण ऐकले असेल. कदाचित तरुणपणी तेथे एखादी फेरीही मारली असेल. तेथील गलबल्यामुळे मूळ नाव ‘शोर बाजार’ होते आणि पुढे त्याचे ‘चोर’ झाले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून टॅक्सीने भेंडी बाजाराच्या दिशेने निघालात की मटन स्ट्रीट लागतो. जुन्या वस्तूंची दुकाने याच रस्त्यावर आहेत. शुक्रवारी ती बंद असतात. ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल, तर आठवड्यातील मधला वार निवडावा आणि गर्दी वाढण्यापूर्वी पोहोचावे. पायांत मागे पट्टा असलेली पादत्राणे हवीत, कारण रस्ता हातगाड्यांचा आणि खाचखळग्यांचा आहे. सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवसापुरती तिची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. अशा साध्या कारणापायी किती वृद्ध घराबाहेर पडण्याचेच टाळतात, हे मी दवाखान्यात रोज पाहतो.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे स्नेही तेथे गेलो होतो: एक निवृत्त शिक्षिका, मी, आमचे अण्णा आणि त्यांच्या पत्नी. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गिरगावातील एका छापखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे जुळारी म्हणून काम केले. गेली तीन वर्षे त्यांना स्मृतिभ्रंश आहे. नातीचे नाव आठवत नाही, जेवण झाले की नाही ते उमगत नाही. वहिनी आठ महिन्यांत दवाखान्याखेरीज कोठेही गेलेल्या नव्हत्या. हे सारे त्यांच्या संमतीनेच लिहीत आहे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला गजबज मानवत नाही. म्हणून आम्ही एकच दुकान ठरवले, तासाभराची मर्यादा घातली आणि दुकानदाराकडून आधीच एक खुर्ची मागून घेतली. “चाचा, आरामसे बैठो,” म्हणत त्याने ती पंख्याखाली ठेवली.

दुकान म्हणजे एक अरुंद बोळच होता. छताला हंड्या-झुंबरे टांगलेली, जमिनीवर चिनी मातीच्या बरण्या, अडकित्ते, पानाचे डबे, बंद पडलेली लंबकाची घड्याळे. ग्रामोफोन पुष्कळ होते, पण त्यांतील बहुतेकांच्या पेट्या जुन्या आणि कर्णे नवे. हौशी ग्राहकांनी सावध असावे. मला काचेची इंजेक्शनची सिरिंज दिसली आणि ती पाण्यात उकळण्याचे दिवस आठवले. शिक्षिकाबाईंनी पितळी स्टोव्ह उचलला. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नर तापवायचा, मग हवा भरायची, ज्योत पिवळी झाली की पिन मारायची, हे सांगताना त्यांचा हात आपोआप पंप मारू लागला होता.

अण्णा मात्र गप्प होते. वहिनींची नजर घड्याळाकडे होती. तेवढ्यात दुकानदाराने कोपऱ्यातील एक लाकडी खण ओढून बाहेर काढला. त्यात छापखान्याचे खिळे होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, सारी एकात एक मिसळलेली. अण्णांनी एक खिळा उचलला. त्याकडे न पाहताच अंगठ्याने त्याच्या अंगावरची खाच चाचपली आणि खिळा फिरवून सरळ धरला. मग दुसरा, मग तिसरा. पाच-सात मिनिटांनी त्यांच्या पुढ्यात दोन रांगा लागल्या. “हे बारा पॉइंट, हे सोळा. कोणी कालवले?” त्यांनी दुकानदाराला दरडावून विचारले. तो बिचारा “माफ करना चाचा” म्हणाला. वहिनी आधी हसल्या आणि मग पदराने डोळे टिपत बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

यात चमत्कार काहीही नाही. अल्झायमर या आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे नव्या आठवणी साठत नाहीत. वर्षानुवर्षे गिरवलेली हातांची कौशल्ये मेंदूच्या अन्य भागांवर अवलंबून असतात. ती बऱ्याचदा पुष्कळ काळ टिकतात. वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे म्हातारचळाचे लक्षण मानले जाई. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये ते स्वाभाविक असल्याचे मांडले. जुन्या वस्तू हाती देऊन बोलते करण्याची पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. तिने आजार बरा होत नाही. परतताना टॅक्सीत अण्णांनी “आपण कोठे चाललो आहोत?” असे तीनदा विचारले. तरीही त्या दुपारी ते जेवायला स्वतःहून बसले आणि संध्याकाळची नेहमीची चिडचिड झाली नाही, असे वहिनींनी सांगितले. एका दिवसावरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही. वहिनींना मात्र पती पुन्हा कामावरचा माणूस म्हणून दिसला, आणि याचे मोल माझ्या चिठ्ठीवरील औषधांहून कमी नाही, असे मला वाटते.

आपल्या घरी असा प्रयोग करायचा झाल्यास चोर बाजार गाठण्याची गरज नाही. माळ्यावरची ट्रंकही पुरेल. वस्तू हातात द्यावी आणि “हे आठवते का?” असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेसारखा असतो, आणि नापास झाल्याची बोच रुग्णाला लागते. “हे कसे वापरायचे, मला दाखवा ना,” असे म्हणावे. रुग्ण कंटाळला, अस्वस्थ झाला, तर तेथेच थांबावे.

काही जुन्या वस्तू मात्र घातक असतात. पाऱ्याचे रक्तदाबमापक विकत घेऊ नये. ते फुटल्यास पारा केरसुणीने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करू नये. खिडक्या उघडाव्यात, मुलांना दूर न्यावे आणि कडक कागदाने मणी एकत्र करून झाकणाच्या बरणीत ठेवावेत. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ करू नयेत. धुळीने दमा वाढतो, तेव्हा मास्क जवळ असावा.

अण्णांसाठी आम्ही ओंजळभर खिळे विकत घेतले. त्यांत शिसे असल्याने वहिनींनी ते झाकणाच्या डब्यात, नातीच्या हाती लागणार नाहीत असे, उंच फडताळात ठेवले आहेत. रोज दुपारी चार वाजता त्या मेजावर जुने वर्तमानपत्र अंथरून डबा उघडतात. अण्णा अर्धा तास खिळे निवडतात, मग साबणाने हात धुतात आणि चहा घेतात. त्या अर्ध्या तासात वहिनी गॅलरीत बसून वाचतात.