बाजारपेठेतलं गाणं, वस्तीतलं गाणं

नव्वदच्या दशकात शिर्डीच्या बाजारपेठेत हार-प्रसादाच्या दुकानांना खेटून कॅसेटवाले बसायचे. एकाच्या टेपवर काकड आरती, पलीकडे पालखीचं गाणं, तिसरीकडे मोहम्मद रफींची कव्वाली. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’तून ती कव्वाली देशभर गेली. त्याच वर्षी ‘शिर्डी के साईबाबा’ हा चित्रपटही आला. दासगणूंच्या कीर्तनांतून गावोगाव पोचलेलं बाबांचं नाव आता थेट सिनेमाच्या पडद्यावर जाऊन बसलं.

कॅसेटच्या त्याच काळात आमच्या भागात दुसरं एक गाणं जोमात होतं. रेडिओवर ते क्वचितच लागायचं आणि पेठेत दर्शनी मांडलेलं दिसायचं नाही. ते वस्तीतलं गाणं होतं. 14 एप्रिलला सुरू झालेली भीमजयंती पुढे कितीतरी दिवस या ना त्या गावात चालायची आणि गायन पार्टी एसटीनं यायची. हार्मोनियम चादरीत गुंडाळलेली, ढोलकी खांद्याला. जेवणं आटोपली की बाया-माणसं, पोरंसोरं पटांगणात सतरंजीवर दाटीनं बसत.

रंग चढला की बक्षिसं सुरू होत. शेतात राबणारा एखादा गडी उठून अकरा रुपये पुढे करी. गायक ती रक्कम आणि नाव जाहीर करी, आणि कसलेला असेल तर पुढच्या अंतऱ्यात ते नाव चालीत बसवून टाकी. ज्याला गावात कुणी धड हाक मारत नसे, त्याचं पूर्ण नाव कर्ण्यातून शिवारभर जाई. त्या माणसाची ताठ झालेली मान मी पाहिली आहे. गाण्यानं माणसाला काय मिळतं, हे मला तिथंच कळलं.

या गाण्यांचा मोठा झरा शेजारच्याच सिन्नर तालुक्यातला. देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922–2004) मोठेपणी अक्षरं शिकले आणि त्यांनी हजारो गीतं रचली. ती पातळ पुस्तिकांतून आणि पार्ट्यांच्या तोंडून महाराष्ट्रभर फिरली. प्रल्हाद शिंदे (1933–2004) यांचा पहाडी आवाज मात्र दोन्हीकडे होता. कव्वालीच्या सामन्यांत तयार झालेल्या त्या गळ्यातली विठ्ठलाची गाणी घराघरांत पहाटे वाजत. त्याच गळ्यातली भीमगीतं त्यातल्या अनेक घरांत कधीच वाजली नाहीत. आवाज सगळ्यांना हवा होता, पण अख्खा गायक थोड्यांनाच हवा होता.

आज चित्र पालटलंय. प्रल्हाद शिंदेंची मुलं आनंद आणि मिलिंद यांनी कॅसेटचं युग गाजवलं. त्यापुढच्या पिढीतला आदर्श शिंदे 2013 च्या ‘दुनियादारी’तून तरुण पोरांच्या ओठांवर गेला, आणि 2019 साली स्टार प्रवाहवर डॉ. बाबासाहेबांची मालिका आली तेव्हा तिचं शीर्षकगीतही त्यानंच गायलं. भीमगीत दिवाणखान्यात पोचलं. आता ते ऐकायला कुणाची मेहेरबानी लागत नाही, मोबाइलवर बोट टेकवलं की हजर. याचा मला मनापासून आनंद आहे.

पण याच शिर्डीनं त्या आनंदाला एक काळा डाग लावला. एप्रिल 2015 मध्ये चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला. गाण्यामुळे खटल्यात अडकलेल्या लोकशाहिराची ती कथा, संगीत संभाजी भगत यांचं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. वस्तीतल्या गाण्याचं कौतुक दिल्लीपर्यंत झालं, आणि पुढच्याच महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा मोबाइल वाजला. रिंगटोन भीमगीताची होती. तेवढ्यावरून त्याला मारहाण झाली आणि त्याचा जीव घेतला गेला. एरवी दिवसभर गाणी वाजणाऱ्या या गावाला ते एक गाणं सहन झालं नाही.

म्हणून ‘हे गाणं आता मुख्य प्रवाहात आलं’ असं कुणी म्हणालं की मी लगेच मान डोलावत नाही. लाखो लोकांनी ऐकणं हे यश खरंच. पण भर पेठेत कुणाच्याही खिशात ते वाजावं आणि एकाही कपाळाला आठी पडू नये, हे यश अजून बाकी आहे. ते वरून मिळणार नाही, ते आपल्यालाच आणावं लागेल.

एवढं पसरूनही एक गोष्ट हातची निसटली. जयंतीत आता डीजेच्या भिंती उभ्या राहतात. त्यांचा दणका छातीत बसतो, पण त्या कुणाचं नाव घेत नाहीत. वर्गणी भरपूर जमते. त्यातून एक रात्र गायन पार्टीसाठी राखून ठेवा, सतरंज्या अंथरा आणि साईंच्या गाण्यांवर पोट भरणाऱ्या दुकानदारांनाही आग्रहानं बोलवा. अकरा रुपये त्यांनीही द्यावेत. त्यांचंही नाव भीमगीताच्या अंतऱ्यात बसेल.